दुरुस्तीला नेलेला पियानो

धामणगाव बढे,
१३ नोव्हेंबर २०१७

हरिओमदादा,

पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कार लिहायची सवय बाबांनी लावली होती. आज हात वळला नाही, म्हणून गाळला. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र नाही. म्हणून रजिस्टर पत्र पाठवते आहे. सही करून घ्यावं लागेल. मिळालंच नाही असं म्हणायची सोय नाही.

पियानो कुठे आहे?

मी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बुलडाण्याला गेले, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तुला मायच्या पियानोच्या दुरुस्तीची आठवण झाली. तीन वर्षांत गावात पाऊल टाकलं नाहीस. आलास तो भर दुपारी, अख्खं गाव शेतात असताना, टेम्पो घेऊन. शेजारच्या उकंडरावकाकांना बांधावरून बोलावून घेतलंस. त्यांना म्हणालास, पुण्यात मोठा कारागीर आहे, सुरात लावून आणतो. ते बिचारे आपले गडी घेऊन आले आणि चढवून दिला. मला म्हणाले, "लय जड होता व पोरी. पोटात लोखंड हाय म्हने."

मायलाही तू तेच सांगितलंस. ती रोज विचारते, "आला काय व माहा बाजा?" मी मान हलवून नाही म्हणते. मग ती त्या भिंतीपाशी जाऊन बसते, जिथं तो होता. भिंतीचा तेवढा चौकोन चुन्यानं अजून पांढरा आहे.

तुला आठवण करून देते, कारण तू विसरलेला दिसतोस. मिशनच्या बंगल्यात माय स्वयंपाकाला होती. मोठ्या बाई रोज संध्याकाळी वाजवायच्या आणि माय दारात परात घेऊन उभी राहायची. एक दिवस त्यांनी तिला शेजारी बसवलं. भाकरी थापायची बोटं ती, पट्टीवर बसायला वेळ लागला नाही. बाईंची गाणी ती शिकलीच, पण जात्यावरच्या ओव्याही तिनं त्या पट्ट्यांवर बसवल्या. बाई मायदेशी निघाल्या तेव्हा बंगल्यातलं सगळं सामान मिशननं वाटून टाकलं, पण पियानो त्यांनी हट्टानं मायच्या, त्यांच्या सोजराबाईंच्या, घरी पोचवला. बाबा जिनिंगमधले फिटर. त्यांनी घराची चौकट काढून तो आत घेतला आणि चौकट परत बसवली. आपण दोघं नाचत होतो अंगणात.

मग तिचे कान वाहायला लागले. दोन्ही पडदे गेले, आतली बारीक हाडं किडली. कानातलं मशीन घातलं की पुन्हा पू येतो, म्हणून तेही नाही. कानाशी ओरडलं तर अर्धंमुर्धं कळतं. तू मान डोलवून म्हणालास, "आता पियानो गेला." गेला नव्हता. ताक घुसळायची रवी आहे ना आपली, तिचा दांडा तिनं एकदा पियानोच्या फळीला टेकवला आणि दुसरं टोक दातात धरलं. कुणी शिकवलं नाही. त्या दिवशी ती वाजवत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तू म्हणालास, "काय येड्यासारखं करून राह्यली ही."

कारागिराचं नाव आणि नंबर कळव. मी स्वतः बोलते.

जाता जाता उकंडरावकाकांचा निरोप. तू बियाण्याच्या कंपनीत असताना पारावर बसून पाकिटं दाखवायचास आणि म्हणायचास, या कपाशीला बोंडअळी लागली तर मिशी काढीन. काका म्हणतात, "तुह्या भावाले म्हना, एक बोंड फोडून पाह्य. गुलाबी अळी आत घर करून बसली." त्यांनी अर्ध्या वावरात गुरं सोडली. मी मान खाली घालून ऐकलं. तुझ्या वाटचं.

डिंपल

—

धामणगाव बढे,
२६ नोव्हेंबर २०१७

हरिओम,

'दादा' काढून टाकला आहे.

तुझा मेसेज मिळाला. जसाच्या तसा उतरवते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुला कागदावर वाचता येईल. "चिडू नकोस. नुसता डबा होता तो. मायला ऐकू येत नाही, तुला वाजवता येत नाही. मी तिला विचारलं होतं, तिनं मान डोलावली."

डबा.

तू दहावीला विज्ञानात काठावर सुटलास, म्हणून सावकाश सांगते. पट्टी दाबली की आत एक लाकडी हातोडी उडते. तिच्या डोक्याला दाबलेल्या लोकरीचा नमदा असतो. ती तारेवर आदळते आणि त्याच क्षणी मागं पडते. तुझं बोट पट्टीवर तसंच असलं तरी ती मागं पडते, कारण तिथंच टेकून राहिली तर तार थरथरायच्या आतच मुकी होईल. हळू मारलं तर नमदा मऊ लागतो, सूर गोल येतो. जोरात मारलं तर तोच नमदा दाबून कडक होतो आणि सुराला धार येते. म्हणून माय कधी रागात आहे ते मला शाळेतून येताना रस्त्यावरच कळायचं. बोट उचललं की दुसरी एक नमद्याची गादी तारेवर बसते आणि सूर थांबतो. एका पट्टीमागं एवढं सगळं असतं.

पण तार एकटी कुणालाच काही ऐकवू शकत नाही. सुईनं वारा घालून बघ, लागतो का? वारा घालायला सूप लागतं. पियानोच्या पाठीला जी रुंद, पातळ फळी असते ना, ती सूप. तारा एका लाकडी घोडीवरून जातात, घोडी त्या फळीवर बसलेली असते. तार घोडीला हलवते, घोडी फळीला, आणि फळी हवेला ढकलते. तो आवाज. आणि हे सगळं व्हायचं तर तारा ताणलेल्या हव्यात. सगळ्या मिळून पंधरा-वीस टनांनी ओढतात. दोन सूत ढिल्या झाल्या की सूर गेला. ती ओढ लाकडाला सोसत नाही, म्हणून आत बिडाची चौकट असते. उकंडरावकाकांची कंबर ज्यानं धरली ते लोखंड.

तुझ्या-माझ्या कानात ती हललेली हवा येते आणि पडद्यावर आपटते. मायचे पडदे गेले, पण आतला कान शाबूत आहे. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. म्हणून तिनं हवेलाच वगळलं. फळीचा हादरा लाकडी पेटीत, पेटीतून रवीच्या दांड्यात, दांड्यातून दातात, दातातून कवटीच्या हाडात, आणि हाडातून सरळ आतल्या कानात. जगात माणसं बोलतात ते तिला अर्धं कळतं. त्या पियानोवर तिला पूर्ण ऐकू यायचं. तू तिचा डबा नाही नेलास. तिचा कान नेलास.

आता पुढचं. टेम्पो मोताळ्याचा होता. मी ड्रायव्हर गाठला. आधी टाळाटाळ केली, मग म्हणाला, "ताई, आम्ही मलकापूरले भंगाराच्या दुकानासमोर थांबलो होतो."

मी आणि उकंडरावकाका रविवारी मलकापूरला गेलो. दुकान वकारभाईंचं. त्यांच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत ताजी खपली. मी पियानोचं नाव काढताच त्यांनी खुर्ची पुढं केली.

"ताई, मले तर म्हने भंगार हाय, पोट खाली करून द्या, वजन कमी करायचं. म्या कटरनं पहिली तार तोडली त सटकन गालावर आली. डोळा वाचला, अल्लाची मेहरबानी. मंग बाकीच्या ढिल्या करून काढल्या."

"आणि माझा भाऊ?"

"गाडीत बसले होते. काच वर करून."

बिडाची चौकट निघत नव्हती म्हणून त्यांनी घणानं फोडली. तुकडे मागच्या अंगणात पडले होते, गंजलेल्या पंपांच्या आणि फवारणीच्या टाक्यांच्या ढिगात. हातोड्या पोत्यात होत्या, नमदा उंदरांनी कुरतडायला सुरुवात केली होती. मी तिथं उभी राहिले. रडले नाही. काका म्हणाले, "चाल व, बस जाईन." वकारभाई मागून म्हणाले, "मले म्हाईत असतं त हात लावला नसता." मी म्हटलं, "तुमचा काय दोष? तुमच्यापाशी आला तेव्हा तो भंगारच होता. त्याचं भंगार घरून निघतानाच झालं होतं."

कारागीर म्हणे. पुण्याचा.

डिंपल

—

धामणगाव बढे,
१८ डिसेंबर २०१७

हरिओम,

कुरिअरनं आलेला खोका मिळाला. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, सोबत हेडफोन, आणि तुझी चिठ्ठी, "हा पियानोपेक्षा चांगला, कधी बेसूर होत नाही."

मायनं हौसेनं खोका उघडला. मला वाटलं, निदान बघू. वायर लावली, आवाज शेवटापर्यंत वाढवला, इतका की शाळेची पोरं दारात गोळा झाली. मायनं रवी आणली, दांडा त्या प्लॅस्टिकवर टेकवला, दातात धरला आणि वाजवलं. थोडा वेळ वाजवून दांडा काढला. मी विचारलं, कसं? म्हणाली, "डबड्यात माशी अडकल्यावानी." तिचं खरं आहे. बशीएवढा स्पीकर आहे त्यात, तो हवा हलवतो, पेटी नाही. ज्याला कान आहेत त्याच्यासाठी केलेली वस्तू ती. हेडफोन तर विचारूच नकोस. वाहत्या कानांवर हेडफोन. तू एकदा तरी तिच्या कानात औषध घातलं आहेस का?

कीबोर्ड शाळेत दिला. पोरं त्यावर राष्ट्रगीत बसवत आहेत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. काल आमच्या शाळेतल्या विमलबाईंनी त्यांचा फोन माझ्यापुढं धरला. वहिनीनं मला ब्लॉक केलं आहे, त्यांना करायचं राहून गेलं. स्टेटसवर तुझं नवं हॉटेल. बाणेरला. अस्सल वऱ्हाडी जेवण, झुणका-भाकर, रोडगे, चुलीवरचं वांग्याचं भरीत. दारावर मायचा फोटो, डोक्यावर पदर. आणि पाटीवर नाव, 'माय'.

गल्ल्याशेजारी पियानो. वरचं झाकण उघडं, पोटात पाण्याच्या बाटल्या, वेली, पिवळे दिवे. खाली पट्ट्या तेवढ्या ठेवल्या आहेस, दात दाखवल्यासारख्या. वर कार्ड, 'आमच्या आईचा पियानो.'

विमलबाई म्हणाल्या, "मस्त सजवला हो!" मी म्हटलं, "हो, सजवला."

घरी आले आणि मायला पाटीवर लिहून सांगितलं. तारा काढल्या, चौकट फोडली, सगळं. तिनं वाचलं. मला वाटलं ती कोसळेल. तिनं ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि म्हणाली, "हरिओम असं नाई करनार. मले रिपेरला नेतो म्हनला. म्या ओठ पाहून राह्यली होती त्याचे." म्हणजे तू विचारलंस आणि तिनं मान डोलावली, ती या प्रश्नाला. पियानो फोडू का, याला नाही.

मी फोटो दाखवला. तो तिनं फार वेळ पाहिला. मग म्हणाली, "फोटूत कुठं आवाज येते?"

आणि आज तुझं आमंत्रण आलं. सोनेरी अक्षरांत. सव्वीस जानेवारीला उद्घाटन, मायच्या हस्ते. ज्या बाईचा कान तू मलकापूरला घणानं फोडलास तिच्या हस्ते फीत. दोघींची तिकिटंही जोडली आहेत, जायची-यायची, एसी बसची.

मी आमंत्रण चुलीत घालणार होते. मायनं हातातून घेतलं.

"जाऊ," म्हणाली. "म्या डोयानं पाहीन."

तर येत आहोत. ती रवी सोबत घेणार आहे. मी तिला अडवणार नाही, आणि तू बसस्टँडवर घ्यायला येऊ नकोस.

डिंपल

—

धामणगाव बढे,
२९ जानेवारी २०१८

हरिओम,

तू तिथं होतास. तरीही जे झालं ते सगळं लिहिते, कारण तू सबंध वेळ फरशीकडे बघत होतास.

माय हिरवं नऊवारी नेसली होती. फीत तिनं कापली, नीट कापली. टाळ्या झाल्या. तुझे भागीदार पाया पडले, वहिनीनं तिला कडेनं धरून फोटो काढले. पाहुणे मायकडे बघायचे, मग भिंतीवरच्या फोटोकडे, आणि म्हणायचे, "अगदी तशाच आहेत!" कोणीतरी म्हणालं, आईंनी काहीतरी वाजवून दाखवावं. ते मी सांगितलेलं नव्हतं. तुझं कार्ड वाचून ते बोललं. तू घाईनं म्हणालास, "तिला आता ऐकू येत नाही, तिला त्रास नको." पण तोवर माय बाटल्या बाजूला करून स्टुलावर बसली होती.

तिनं पिशवीतून रवी काढली. लोक हसले, त्यांना गंमत वाटली. वऱ्हाडी बाई, हातात रवी, हॉटेलला शोभेल असं दृश्य. तिनं दांडा फळीला टेकवला, दातात धरला, डोळे मिटले आणि बोटं पट्टीवर ठेवली.

पट्ट्या खाली गेल्या, वर आल्या. लाकडाचा टकटक आवाज, बस. तिनं सगळी ओवी वाजवली, हरिओम. सगळी.

मग तिनं दांडा काढला आणि तुला हाक मारली. "हे वाजत काऊन नाही रे, हरिओम?"

तू वाकून म्हणालास, "माय, आपण नंतर बोलू."

"काय म्हनतं?"

"आत तारा नाहीत."

"तारा? कोन तारा? तुही पाव्हनी हाय काय?"

सगळे हसले. तूही हसलास, सुटल्यासारखा. मीही ओठ चावला. पण माय हसत नव्हती. ती तुझ्याकडे बघत होती, कानामागं तळवा धरून.

"तारा, माय! पियानोच्या तारा! काढून टाकल्या!"

"कोनं?"

"कारागिरानं..."

"मोठ्यानं बोल. कोनं काढल्या?"

तुझ्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. वहिनी म्हणत होती, "हळू, लोक आहेत." आणि माय तळवा कानामागं धरून बसली होती, जणू दुसरं काही काम नाही. मग तू ओरडलास. तुझ्या त्या गार, गुळगुळीत हॉटेलात, तुझ्या भागीदारांसमोर, सगळ्या सुगंधी माणसांसमोर.

"म्या काढल्या! म्या! भंगारात देल्या मलकापूरले!"

बऱ्याच वर्षांनी तुझ्या तोंडून 'म्या' ऐकलं. पुण्याची मराठी कुठल्या कुठं गळून पडली.

मायनं मान डोलावली. पदरानं रवीचं टोक पुसलं, पिशवीत घातली. तुझ्या माणसानं पुढं आणलेलं भरिताचं ताट तिनं हातानं सरकवलं. दाराशी जाऊन स्वतःच्या फोटोकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "हे काढाले लाव त्याले." मी वहिनीकडे वळून ते बोलले. तुम्ही काढला की नाही मला ठाऊक नाही, विमलबाईंनाही आता वहिनीनं ब्लॉक केलं आहे.

एसी बसचं परतीचं तिकीट वापरलं नाही. साध्या गाडीनं आलो. सबंध वाट ती खिडकीला डोकं टेकवून बसली होती. मला वाटलं झोपली. बस थरथरते तेव्हा काचेतून, हाडातून काहीतरी पोचत असेल, तेवढंच ऐकत असेल, असं मनात आलं. माझ्या डोक्यात तुला द्यायच्या शिव्या चालल्या होत्या, त्या इथं लिहीत नाही. बाबांनी शिकवलेल्यांपेक्षा जास्त मला येतात हे कळलं.

सिल्लोडच्या पुढं कुठंतरी ती एकदम म्हणाली, "मले पयल्यांदाच समजलं होतं."

"काय?"

"आत तारा नाहीत म्हनला ते."

मी तिच्याकडे वळले. तिला कळावं म्हणून तोंड पुढं करून विचारलं, "मग कायले त्याले पुन्हा पुन्हा ओरडाले लावलं?"

"मले एकदा सांगतलं त्यानं, रिपेरला नेतो. तवा हळू बोलला होता, गोड बोलला होता. म्या म्हनलं, आता खरं बोलाचं हाय त मोठ्यानं बोलू दे. लोकाइले बी ऐकू जाऊ दे."

मग तिनं डोळे मिटले. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं हलत नव्हती. इतकी वर्षं मी ते हात पाहते आहे, रिकामी बसलेली ती बोटं नेहमी काहीतरी वाजवत असायची. ते मला त्या हॉटेलातल्या टकटकीपेक्षा वाईट वाटलं.

आल्यापासून ती त्या भिंतीपाशी बसत नाही. काल तिनं चुना कालवला आणि अख्खी भिंत पांढरी केली, चौकोन आता दिसत नाही. उकंडरावकाका चौकशीला आले होते. कपाशी उपटून हरभरा पेरला आहे त्यांनी. मायनं त्यांना सगळं सांगितलं, तुझं ओरडणंसुद्धा, आणि काकांनी तुला जे म्हटलं ते मी तिला पाटीवर लिहून दिलं नाही. तिनं ओठांवरून वाचलं असणार.

परवा रात्रीपासून तुझे फोन येत आहेत. काल पाच मिस्ड कॉल. आज मेसेज, "मायच्या कानाशी फोन धर, मला तिच्याशी बोलायचं आहे." मी तिला दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला आणि माझा फोन पालथा ठेवला.

मी फोन धरणार नाही. तिचा निरोप तेवढा लिहिते, तिच्याच शब्दांत:

"बोलाचं असंन त इथं ये. माह्यासमोर बस. मले ओठ दिसले पाह्यजे."

डिंपल